खिडकीपेक्षा मोठा पडदा

मी लेन्स बोलतेय. थांबा, मागे सरकू नका. कॅमेरा दिसला की मागे सरकायची लोकांना सवयच असते. माझ्यापुढे त्याची काही गरज नाही. तुम्ही, तुमची खुर्ची, खुर्चीमागची भिंत, भिंतीवरचं घड्याळ, वरचा पंखा आणि पाहुणे यायच्या आधी तुम्ही घाईघाईने कोपऱ्यात सारलेले कपडे, हे सगळं मला एका नजरेत दिसतं. मान न वळवता सगळं बघायचं, अशीच मी घडलेय.

लेन्सला तोंड कुठलं आणि कान कुठले, असं विचारू नका. तुमच्यात डोळे असून न बघणारे असतात, तसे आमच्यात कान नसून ऐकणारे असतात.

माझं वर्णन मीच करते, कारण दुसऱ्या कुणी केलं की ते 'स्वस्त' या शब्दाने सुरू होतं. मी मुठीत मावेन एवढी आहे. अंग धातूचं, रंग काळा, पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. मला झूम नाही. कुणाला जवळून बघायचं असेल तर आपल्या पायांनी चालत जवळ जावं लागतं. मोटरही नाही, त्यामुळे फोकस करायला माझं कडं हाताने फिरवायचं. पण त्यावाचून फारसं अडत नाही. हातभर अंतरापासून पार डोंगरापर्यंत मला जवळजवळ सगळंच स्पष्ट दिसतं. आळशी माणसांना मी फार आवडते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझ्या काचा घासल्या, धुतल्या, पुन्हा घासल्या. इतक्या गुळगुळीत केल्या की माशी बसली असती तर घसरली असती. मग हातमोजे घातलेल्या हातांनी त्या एकामागे एक माझ्या पोटात बसवल्या. शेवटी चष्मा लावलेल्या एका कामगार बाईने मला दिव्यासमोर धरलं, आतबाहेर बघितलं आणि शेजारणीला सांगितलं, "किमतीच्या मानाने बरी आहे." माझ्या कानांवर पडलेलं हे पहिलं वाक्य. तेव्हापासून मी तेच ऐकत आलेय. मला नुसतं 'बरी आहे' अजून कुणी म्हटलेलं नाही.

गोदामात माझ्या शेजारी एक महागडी झूम लेन्स होती. अंगाने दणकट, गळ्यात सोनेरी पट्टी. तिने पहिल्याच दिवशी माझी चौकशी केली.

"तुला मोटर नाही?"

"नाही."

"हात हलला तर सावरून घेतेस?"

"नाही."

"पावसात, धुळीत काय करतेस?"

"झाकण आहे मला," मी म्हटलं.

यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मला मात्र तिची गंमत वाटायची. एवढं सगळं अंगावर वागवायचं आणि बघायचं काय, तर समोरचा एवढासा तुकडा. मी असते तर जेवणाचा डबा, डबा खाणारा गोदामवाला आणि त्याच्यामागे मालक येऊन उभा राहिलाय, हेही एकदम बघितलं असतं. मी खरोखरच बघितलं होतं. सांगता आलं नाही, एवढंच.

एक दिवस मला खोक्यात घालून पाठवून देण्यात आलं. विकली गेले म्हणून मी हरखले. पण कसचं काय. मला परीक्षेला पाठवलं होतं.

परीक्षा घेणारी होती एक काटेकोर बाई. नव्या लेन्स तपासायच्या आणि त्यांच्याबद्दल खरं खरं लिहायचं, हा तिचा व्यवसाय. मी मनातल्या मनात तिचं नाव काटेकोरताई ठेवलं आणि पुढे लाडाने नुसतं ताई म्हणायला लागले. लेन्स बनवणारे लोक तिला टरकून असायचे. एका नामांकित लेन्सबद्दल तिने लिहिलं होतं, 'काच उत्तम आहे, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला घ्यावी.' तिचा एक नियम होता. तपासून झालं की लेन्स परत. कितीही आवडली तरी ठेवून घ्यायची नाही, कारण ठेवून घेतलेल्या वस्तूबद्दल माणूस खरं लिहीत नाही, असं तिचं म्हणणं.

आणि तिची एक खोड होती. फोटो काढला की ती तो पडद्यावर मोठा करायची आणि थेट कोपऱ्यात शिरायची. वरचा डावा कोपरा, खालचा उजवा कोपरा, कडा, कडांवर रंगाची किनार येते का. आख्खा फोटो ती बघतच नसे. लग्नातल्या जेवणाच्या पंगतीत फक्त मिठाची चव बघत फिरणारा माणूस असतो ना, तशातली गत.

पहिली परीक्षा भिंतीची झाली. समोरच्या इमारतीची मागची भिंत उघड्या विटांची होती. विटांच्या ओळी सरळ असतात, त्यामुळे लेन्स वाकडं बघत असली की लगेच पकडली जाते. ताईने तिवई लावली, तिच्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यावर मी, आणि एकाच भिंतीचे फोटोमागून फोटो सुरू झाले. बाकावर बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"भिंत पडणार आहे का?"

"नाही हो आजोबा."

"मग एवढे फोटो?"

"भिंतीला काही झालेलं नाही. या लेन्समध्ये काय दोष आहे ते बघतेय."

"आजारी आहे?"

"तेच शोधतेय."

धडधाकट लेन्सबद्दल असं बोलतात का? आजोबा उठून जाताना माझ्याकडे बघून हळहळले, ते तर मला फारच लागलं.

निकाल असा लागला. मध्यभागी मी उत्तम. कोपऱ्यांत मऊ, म्हणजे जरा पुसट. विटांच्या ओळी जवळजवळ सरळ. सूर्याकडे तोंड केलं तेव्हा मी आनंदाने रंगीत गोळे काढून दाखवले, तर ताई म्हणाली, "ऊन सहन होत नाही हिला." आणि सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे मी कडांना ताणते. मधली वस्तू आहे तशी दिसते, पण कडेला, माझ्या जवळ आलेली वस्तू लांबते, पसरते, ऐसपैस होते. याला काही लोक दोष म्हणतात. मी याला मोकळा स्वभाव म्हणते.

मग आली खोलीची परीक्षा. माझ्यासारख्या लेन्स अडचणीच्या जागेसाठीच असतात, तेव्हा ती चुकवून चालणार नव्हतं. त्यासाठी ताईला कुठे लांब जावं लागलं नाही. तिचं घरच तसं होतं. चौथ्या मजल्यावर एक खोली. पलंगाखालचा खण उघडायचा तर कपाटाचं दार बंद करावं लागे, आणि दोघांपैकी एकजण पोळ्या करत असला की दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. ताईचा नवरा बेकरीत भट्टीवर काम करायचा. पहाटे जाऊन दुपारी यायचा आणि आला की आडवा व्हायचा. ताईला मी ताई म्हटलं, तेव्हा ते माझे भाऊजी झाले.

ताईने कॅमेरा दाराच्या कोपऱ्यात, भिंतीला अगदी चिकटवून ठेवला. डाव्या कडेला पलंगावर भाऊजी घोरत होते. उजव्या भिंतीत खिडकी होती, तीही कडेला आली. समोरच्या भिंतीशी एक लाकडी खुर्ची. ताईने बटण दाबलं आणि मी जीव ओतून बघितलं.

काय फोटो आला म्हणून सांगू. खोलीचं मैदान झालं. खुर्ची इतकी लांब गेली की तिच्यापर्यंत पोचायला रिक्षा करावी असं वाटावं. खिडकी तर अशी पसरली की बाहेरचं आभाळ कमी पडलं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. मी भाऊजींचे पायही पसरले आणि अंथरूणही. त्यांचं डावं पाऊल वल्ह्याएवढं दिसत होतं.

ताईने यातलं काहीच बघितलं नाही. ती सवयीप्रमाणे थेट कोपऱ्यात शिरली होती. "अंगठ्याचं नखसुद्धा स्पष्ट आलंय," ती पुटपुटली आणि खिडकीच्या चौकटीकडे वळली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला.

ताईची आई दुसऱ्या गावी असायची, गाडीने दिवसभराच्या अंतरावर. तिचं शिलाईचं दुकान होतं. ताई आणि भाऊजी इथे नुकतेच राहायला आले होते, त्यामुळे आईने हे घर पाहिलं नव्हतं.

"घर दाखव म्हणून किती दिवस मागे लागलेय मी," आई म्हणाली. "एक फोटो पाठवायला काय होतं गं तुला?"

"पाठवते," ताई म्हणाली. तिची नजर अजून खिडकीच्या चौकटीवर होती. समोर होता तोच फोटो तिने पाठवून दिला आणि पुन्हा कोपऱ्यात गेली.

थोड्या वेळाने परत फोन. या वेळी आईचा आवाज वेगळाच होता.

"अगं, एवढं मोठं घर घेतलंस आणि कळवलंसुद्धा नाहीस?"

आता ताईने पहिल्यांदा आख्खा फोटो बघितला. तिचा चेहरा पडला. "आई, ऐक. ते घर मोठं नाहीये. ती लेन्स तसं दाखवते."

"लेन्स चांगली असेल, मी नाही कुठे म्हणते? पण असल्याशिवाय ती कुठून दाखवणार?"

आई पुढे बोलतच राहिली.

"तुझ्या बाबांना मी नेहमी म्हणायचे, काचा तपासून कुणाचं भलं झालंय? चांगलं शिवणकाम शिकवलं असतं, ते सोडून ही पोर कुठे भरकटली. चुकले मी. तुझंच बरोबर होतं."

ताईने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. हे 'चुकले मी' ऐकायला तिचे कान किती वर्षं आसुसले होते, ते मी तिच्या चेहऱ्यावर वाचलं. खरं सांगितलं की ते शब्द परत जाणार. ती काहीच बोलली नाही, आणि तिथेच फसली.

आईला मात्र पंख फुटले. म्हणाली, बाबांच्या नि माझ्या लग्नाचा वाढदिवस या वेळी तुझ्याकडेच करू, एवढा हॉल आहे. आत्या येईल, मामा येईल. तुम्ही काही करू नका. आणि हो, खिडकीला पडदा नाही. मी शिवून आणते.

"माप पाठवते," ताई क्षीण आवाजात म्हणाली.

"मला माप पाठवणार तू? रस्त्याने माणूस चालत गेला तरी त्याचा सदरा शिवते मी. फोटोत खुर्ची आहे ती आपल्याच घरची आहे. तिची रुंदी मला पाठ आहे. तिच्यावरून काढते मी खिडकी." फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "जावईबापूंच्या पायाला सूज आहे का गं?"

पुढचे दिवस मोठे मजेचे गेले. म्हणजे माझे. ताईची पाचावर धारण बसली होती. भाऊजी रोज म्हणायचे, "सांगून टाक." ताई रोज म्हणायची, "उद्या." इकडे मला पाठवणाऱ्यांचेही फोन सुरू झाले, परीक्षण कधी लिहिताय म्हणून. लिहायचं तर पहिलं वाक्य हेच असणार होतं की ही लेन्स जागा आहे त्यापेक्षा मोठी दाखवते.

"लिही की," भाऊजी म्हणाले. "आई तुझं लिहिलेलं कुठे वाचतात?"

"वाचत नव्हती. आता सगळ्यांना वाचून दाखवते. आत्यालासुद्धा."

म्हणजे खरं लिहावं तर आईला कळणार, आणि न लिहावं तर आजवरच्या काटेकोरपणावर पाणी. मी टेबलावर झाकण लावून बसले होते. झाकणाआडूनही मला तिचे उसासे ऐकू येत होते. एकदा वाटलं, ओरडून सांगावं, बाई गं, मी खोटं बोलले नाही. मी जिथून बघितलं तिथून ते तसंच दिसतं. पण परीक्षार्थीने परीक्षकाला समजवायचं नसतं.

शेवटी दोघांनी नामी उपाय काढला. सांगता येत नाही तर खोलीच मोठी करायची. कपाट शेजाऱ्यांकडे गेलं. पलंग उभा करून जिन्यात ठेवला. टेबल सुटं करून गच्चीवर पोचवलं. भांडी न्हाणीघरात गेली. एवढं करून खोली एका सतरंजीने वाढली. दोघं मध्ये उभे राहून घाम पुसत चारी बाजूंना बघत होते.

"बरंच मोकळं वाटतंय," भाऊजी म्हणाले.

"आत्या एकटी उभी राहिली तर," ताई म्हणाली.

आणि मंडळी आली. जिन्यातल्या पलंगाला वळसा घालताना मामाचा आवाज पहिल्यांदा वर पोचला. तो पाठीवर एक भलं मोठं गाठोडं घेऊन येत होता. मी खिडकीच्या कट्ट्यावर कॅमेऱ्यासकट बसले होते, झाकण काढलेलं, त्यामुळे एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. दारात आई, तिच्यामागे बाबा, त्यांच्यामागे आत्या, सगळ्यात मागे गाठोडं आणि गाठोड्याखाली मामा.

आई आत आली, हसली, लेकीला जवळ घेतलं. मग म्हणाली, "चल, आत जाऊ."

"हेच आत," ताई म्हणाली.

आईला ते कळलंच नाही. खोलीत आणखी एकच दार होतं. आई त्या दाराकडे गेली आणि मोठ्या उत्साहाने तिने ते उघडलं. आत बादली होती, आणि बादलीत घरातली सगळी भांडी. आईने दार हळूच लावून घेतलं.

"हॉल कुठाय?" आत्याने विचारलं. मग ती स्वतःशीच म्हणाली, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं."

आईने मामाच्या पाठीवरचं गाठोडं सोडवलं. पडदा निघाला. निळसर जाड कापड, काठाला बारीक टीप, वर एकसारख्या चुण्यांची पट्टी. असं देखणं काम मी तरी पाहिलं नव्हतं. आईने एक टोक खिडकीच्या एका कडेला धरलं आणि दुसरं मामाच्या हातात दिलं. मामा मागे सरकत गेला. खिडकी संपली, भिंत सुरू झाली, भिंत संपली, कोपरा वळला, तरी कापड संपेना.

आईच्या हातातलं टोक खाली आलं. ती जमिनीवर बसली.

"माझं माप चुकलं," ती म्हणाली.

घर लहान निघालं त्याचं तिला काही वाटलं असेल तर ते दिसलं नाही. पण हे वाक्य तिने असं म्हटलं, जसं एखाद्या गवयाने 'माझा सूर गेला' म्हणावं. उभ्या आयुष्यात जी गोष्ट कधी चुकली नाही ती आज लेकीच्या घरात, सगळ्यांदेखत चुकली होती. लेन्सलाही वाईट वाटतं.

आणि मग ताई बोलली. इतके दिवस अडकलेलं सगळं धडाधड बाहेर आलं. "आई, माप नाही चुकलं. तुझं काही चुकलेलं नाही. मी नीट न बघता फोटो पाठवला. नंतर कळलं तरी गप्प बसले. थांब, दाखवते तुला." तिने मला उचललं आणि कॅमेरा आईच्या हातात दिला. "कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघ. खिडकी मध्ये धर. आता कॅमेरा हळूहळू वळव, खिडकी कडेला जाऊ दे."

आईने वळवला. खिडकी कडेला सरकली आणि मी तिला ताणलं, माझ्या स्वभावाप्रमाणे. आईच्या भुवया वर गेल्या. तिने परत मध्ये आणलं. खिडकी आक्रसली. कडेला, पसरली. मध्ये, आक्रसली. मग आईने तोच प्रकार आत्यावर करून बघितला आणि तिला हसू फुटलं. आत्या रुंद व्हायची, अरुंद व्हायची. आई अशी काही हसत सुटली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आत्या "काय झालं, काय झालं" करत जवळ येऊ लागली, तशी आणखीनच रुंद झाली. मी आयुष्यात एवढी कधी खूश झाले नव्हते.

"ही तर उरेब आहे," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"तिरपं कापलेलं कापड गं. उभ्या-आडव्या धाग्यात कापड ताणत नाही. तिरपं धरलं की ताणतं. म्हणून त्याला कुणी वाईट कापड म्हणत नाही. गळ्याला, काखेला तेच लागतं. कुठे लावायचं ते शिवणाऱ्याला कळलं पाहिजे."

माझ्याबद्दल इतके दिवस ताई जे वाक्य शोधत होती ते आईने बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं.

मग आईने डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू 'चुकले मी' म्हणाली होतीस. सांगितलं असतं तर ते परत घेतलं असतंस."

आईने विचार केला. "घेतलं असतं," ती म्हणाली. गोड बोलायला ती आली नव्हती. "पण आता नाही घेत. आजवर माझं माप कुणी चुकवलं नाही. ते चुकवणाऱ्या वस्तू तू रोज तपासतेस, म्हणजे काम सोपं नाही तुझं. आणि घर लहान आहे ते मला दिसतंय. तू सुखात आहेस का, तेवढं बोल."

ताईने होकाराची मान डोलावली. तेवढ्यात भाऊजी बेकरीतून ताज्या पावांची टोपली घेऊन दारात आले आणि आईने सगळ्यात आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. पाय नेहमीएवढे होते. तिचा जीव भांड्यात पडला.

वाढदिवस झाला. सगळे जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले, पाव हातोहात फिरले, आणि मामाला उठायचं असलं की सगळ्यांनाच उठावं लागत होतं. शेवटी फोटोची वेळ आली आणि तिथे माझ्याशिवाय कुणाचं काही चालणार नव्हतं. दुसरी कुठलीही लेन्स असती तर फोटोत अर्धी आत्या आली असती. मी सगळ्यांना कवेत घेतलं. फक्त कडेला उभं राहायला कुणी तयार होईना. आत्या तर मामाला ढकलून अगदी मध्ये जाऊन उभी राहिली. बाबा दिवसभर एक शब्द बोलले नव्हते. ते गुपचूप कडेला जाऊन उभे राहिले आणि फोटोत कपाटाएवढे आले. बराच वेळ फोटो निरखून ते म्हणाले, "एवढा भरलेला मी लग्नातसुद्धा दिसलो नव्हतो. हा मोठा करून लावा."

निघताना पडद्याचा प्रश्न निघाला. आत्याने कात्री मागितली. जास्तीचं कापून टाकू, उशांचे अभ्रे होतील.

"कापायचा नाही," आई म्हणाली. तिने दांडीवर पडदा चढवला आणि चुण्या दाटून दाटून बसवल्या. सगळं कापड त्या एवढ्याशा खिडकीवर कसंबसं मावलं. "असाच राहू दे. त्या मापाची खिडकी मिळेल तुला, तेव्हा चुण्या सोडून लाव."

मंडळी गेल्यावर ताईने माझ्याबद्दल लिहिलं. काहीही झाकून ठेवलं नाही. कोपरे मऊ, ऊन सोसत नाही, कडा ताणते, पण अडचणीच्या जागेत आणि घरच्या गर्दीत या किमतीत हिच्या तोडीची दुसरी नाही. उरेब कापडाचं आईचं वाक्यही तिने आईचंच म्हणून घातलं. तो खोलीचा फोटो छापला आणि खाली खोलीची खरी लांबीरुंदी लिहिली, सगळ्या जगाला दिसेल अशी. शेवटचं वाक्य होतं, 'हिच्या फोटोवरून पडदे शिवू नयेत.'

आईचा लगेच फोन आला. तिने आत्याला वाचून दाखवलं होतं. सगळं पटलं, एक सोडून. "पडद्याची शिलाई उत्तम होती, असं कुठेच लिहिलं नाहीस." ताईने तेही जोडलं.

आणि मग माझी निघायची वेळ झाली. नियम म्हणजे नियम. मला कुठेतरी वेडी आशा होती की या वेळी ताई तो मोडेल. तिने नाही मोडला. मोडला असता तर ती ताई राहिली नसती, हे मला कळतं, तरी माझ्या काचा आतून धुकट झाल्या. ताईने मऊ फडक्याने मला पुसलं. खोक्यात घालायच्या आधी ती थांबली, मला परत कॅमेऱ्यावर चढवलं आणि उजव्या भिंतीला टेकून उभी राहिली. खिडकी अगदी माझ्या कडेला घेतली. काय हवंय ते मी ओळखलं. मी होता नव्हता तेवढा सगळा ताण लावला. खिडकी पसरली, पडद्याच्या दाटलेल्या चुण्या एकेक करून सुटल्या, आणि ते निळसर कापड दालनातल्या पडद्यासारखं ऐसपैस उलगडलं. ना कमी, ना जास्त.

ताईने या वेळी कोपऱ्यात शिरून बघितलं नाही. आख्खा फोटो नीट पाहिला आणि आईला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

आईचं उत्तर आलं, "बघ. म्हटलं होतं ना, माझं माप चुकत नाही."

आता मी खोक्यात आहे. झाकण घट्ट बसलंय, अंधार आहे आणि मला एका नजरेत भरपूर अंधार दिसतोय. उद्या कुणाच्या हाती पडेन ठाऊक नाही. कुणीही असा, मला घ्याल तेव्हा माझे कोपरे जरूर तपासा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याआधी माझ्या समोर कोण उभं आहे, तेही एकदा बघत चला. मला 'किमतीच्या मानाने बरी' म्हणालात तरी चालेल. तसं म्हणणाऱ्यांना मी आता मनातल्या मनात हसते. निघते मी. आणि कृपा करून, तुमच्यात आत्या असेल तर तिला मध्ये उभं करा.